अंगणात उतरवलेली लाकडे

एकदा एका बर्फाळ डोंगरातल्या गावात लोकरीचा एक व्यापारी राहत होता. घरात पैसा होता, पण झोप नव्हती. त्याच्या वृद्ध आईला थंडी सोसत नसे आणि शेगडीचा धूर तर मुळीच सोसत नसे. हिवाळाभर ती खोकत राही आणि पलीकडच्या खोलीत मुलगा कूस बदलत राही.

शहरातल्या एका कारागिराने त्याला उपाय सांगितला होता. जमिनीत खोलवर, कडाक्याच्या थंडीतही ऊब टिकून असते. तिथे नळ्या पुरायच्या, त्यांतून पाणी खेळवायचे आणि यंत्राने ती ऊब घरात आणायची. लाकूड नाही, धूर नाही. यंत्राला लागेल तेवढीच वीज. खर्चाचा आकडा ऐकून व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. हिवाळा तोंडावर आला होता; माती गोठली की खणता येणार नव्हते. तरी हा सकाळी खणणाऱ्यांना बोलावी आणि दुपारी परत पाठवी. अखेर तो गावाबाहेरच्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं हे प्रकरण आहे," तो म्हणाला. "त्यापेक्षा लाकूड परवडतं."

गुरुजींनी आपल्या शिष्याला लाकूडवाल्याकडे एक निरोप घेऊन पाठवले. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या अंगणात लाकडाने लादलेली खेचरे येऊ लागली. शिष्य ओशाळून बाजूला उभा होता. गुरुजींच्या मनात काय आहे, ते त्यालाही कळत नव्हते. दुपारपर्यंत ढीग आईच्या खिडकीच्या वर गेला. व्यापारी दुकानातून धावत आला आणि ढिगाशेजारी शांत बसलेल्या गुरुजींवर चिडला.

"एवढं लाकूड मागवलं कोणी?"

"तूच. तू मोळीमोळीने मागवणार होतास, मी एकदम मागवलं."

लाकूडवाल्याने विचारले, "शेठ, ही जेमतेम चार हिवाळ्यांची झाली. पुढच्या हिवाळ्यांची कुठे उतरवू?"

तेव्हा गुरुजी व्यापाऱ्याला म्हणाले, "यंत्राचा खर्च एकदम समोर उभा राहिला, म्हणून तू त्याला भ्यालास. लाकडाचा खर्च थोडाथोडा येतो आणि जळून जातो, म्हणून तो तुला कधी दिसलाच नाही. यंत्राचे पैसे लवकर वसूल होतील, असं मी म्हणणार नाही. वर्षं लागतील, आणि तोवर तुझ्या जिवाला चैनही पडणार नाही. पण जिच्यासाठी हे सगळं चाललंय, तिला तू हिशेबात धरलंस का?"

तेवढ्यात ढिगामागून खोकला ऐकू आला. मग आईने विचारले, "अंधार कसा झाला रे? संध्याकाळ झाली का?"

व्यापारी पुढे झाला आणि खिडकीसमोरची लाकडे स्वतःच्या हातांनी उचलू लागला. आता कुठे गुरुजींचा हेतू शिष्याच्या ध्यानात आला. तोही मदतीला गेला. गुरुजींशी आधीच ठरल्याप्रमाणे लाकूडवाल्याने सगळा माल परत नेला.

त्या रात्रीही व्यापाऱ्याला झोप लागली नाही; स्वभाव काही एका दिवसात जात नाही. सकाळी खणणारी माणसे आली. दुपार झाली, तरी त्यांना परत पाठवायला कोणी बाहेर आले नाही.