घुबडपंचांचा होकार

माणसाने अजून शिक्के बनवले नव्हते आणि सगळे कारभार रानातच चालत, तेव्हाची गोष्ट.

एका वडाच्या ढोलीत साऱ्या प्राण्यांचं सामायिक कोठार होतं. त्याचा कारभार खारींकडे होता. एके दिवशी सिंहाच्या दरबाराने नवा नियम काढला, की कोठाराच्या प्रत्येक सभेला बाहेरचा एक पंच हजर हवा.

खारींची मुखिया झुपकेबाई. तिने घुबडरावांना पंच नेमलं आणि सभा ठेवली भर दुपारी. घुबडराव वेळेवर आले, फांदीवर बसले आणि गाढ झोपले.

"चांगले रानबदाम माझ्या ढोलीत हलवू, तिथे ते सुरक्षित राहतील," झुपकेबाई म्हणाली. झोपेत घुबडरावांची मान खाली गेली. खारींनी लगेच लिहून घेतलं, 'पंचांचा होकार.'

असं वर्षभर चाललं. मग दरबारातून सांबर तपासणीला आलं. पंच हजर, पंचांचा होकार, सगळं जागच्या जागी. "नमुनेदार कोठार आहे," म्हणत ते निघालं.

तेवढ्यात साळिंदरआजी डोळे चोळत पुढे आली. तिच्या वाट्याला वर्षभर नुसती टरफलं आली होती.

"साहेब, सभा किती वाजता घ्यायची, ते नियमात आहे का?"

सांबराने नियम पुन्हा वाचला. "नाही."

"मग पुढची सभा दिवेलागणीनंतर घेऊ."

झुपकेबाईची शेपटी फुलली. "अहो आजी, तेव्हा आम्हाला झोप अनावर होते."

"झोपा की, बाई," साळिंदरआजी म्हणाली. "तुमची मान खाली गेली, की आम्ही होकार लिहून घेऊ."