वावळ्याचा फुलोरा आणि सर्जेराव पैलवान

“…मग माझ्या अंगात आता ऱ्हायलंय काय, महाराज?”

सर्जेरावानं विचारलं आणि लागोपाठ सात शिंका दिल्या.

नव्वद किलोचा गडी. एके काळी भल्याभल्यांना अस्मान दाखवलेला. दोन वर्षांपूर्वी आखाडा सोडून अच्युतानंदांच्या मठात आला, पण ऐट तिथं ठेवून यायचं विसरला. माघात मठामागचं वावळ्याचं झाड फुललं, की मात्र पैलवान आडवा. सकाळच्या ध्यानाला सगळे डोळे मिटून बसायचे आणि हा शिंकायचा.

“माझ्यापायी कुनाचं ध्यान लागंना. मी आजच जातो.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“छाती साफ हाय. वावळ्याच्या परागाची ॲलर्जी, म्हनले.” त्यानं मान खाली घातली. “पर माझा बा बी पैलवानच हुता. असाच शिंकत-खोकत टीबीनं गेला. मी रोज गुळवेलीचा काढा पितोय, गार पान्यानं आंघोळ करतोय… ताकदच येईना. आतनं पोकळ झालोय मी.”

एवढा मोठा माणूस, पण घाबरला होता.

संन्यास घेण्याआधी वीस वर्षं अच्युतानंद कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे असल्या तक्रारीवर अंगारा देण्याची त्यांना सवय नव्हती.

ते उठले. त्याच्या मागे गेले. त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

दुसऱ्याच क्षणी सर्जेरावानं ते मनगट पकडलं, खांदा दिला आणि धोबीपछाड घातली. अर्ध्यात भान आलं म्हणून बरं. सत्तरीचे गुरू अलगद चटईवर उतरले.

“महाराज! चुकलं माझं… मागनं हात पडला की तालमीत असंच…”

“माझ्या हातानं तुझं काय वाकडं केलं?” अच्युतानंदांनी पडल्यापडल्याच विचारलं.

“काय न्हाई.”

“मग तुला कसली घाई झाली?”

“…वाटलं, कुनीतरी धरतंय.”

“तुझ्या रक्तातल्या टी पेशींनाही तेच वाटतंय. आपलं कोण, परकं कोण, ते त्या ओळखतात आणि बाकीच्या पेशींना हुकूम देतात. वावळ्याचा पराग बिचारा वाऱ्यानं आला. त्यांनी त्याला वैरी ठरवलं आणि ते लक्षात ठेवलं. आता तो नाकात शिरला, की हुकूम सुटतो. सूज, पाणी, शिंका… सगळं तुझंच सैन्य.”

“म्हंजे पराग काय करत न्हाई?”

“काही नाही.”

“आनि मी… दुबळा न्हाई?”

“दुबळा असतास, तर मी असा पडलो असतो का?”

सर्जेराव बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि ते काही वावळ्यामुळे नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यानं छाती भरून श्वास घेतला.

त्यानं गुरूंना उठवून बसवलं.

“पर ही खोड मोडायची कशी?”

अच्युतानंद पुन्हा मागे गेले. खांद्यावर एकच बोट टेकवलं. सर्जेरावाचा हात झेपावला.

पुन्हा बोट.

पुन्हा हात.

पुन्हा…

ऊन ओसरीवरून अंगणात उतरेपर्यंत हे चाललं. शेवटी हात अर्धा उठला, घुटमळला आणि मांडीवर परत गेला.

“डॉक्टर असंच करतील,” अच्युतानंद म्हणाले. “त्याच परागाचा अगदी थोडा अंश देत राहतील. टी पेशींमध्ये समजूत घालणाऱ्याही असतात. हळूहळू बाकीच्या त्यांचं ऐकायला लागतात.”

“किती दिस?”

“तीनेक वर्षं.”

“तीन वर्सं! आनि तवर मी हितं सगळ्यांच्यात बसून शिंकत ऱ्हाऊ?”

अच्युतानंद मनगट चोळत राहिले.

“शिंक. आम्हाला तुझी सवय झाली आहे.”