खारभाटीचा पहिला घास

खारभाटीत चांगलं जेवण कुठं मिळतं, असं बंदरावर विचारलं तर एकच उत्तर मिळतं: कुठंही बसा. गावात मोजक्याच खानावळी आहेत आणि त्या सगळ्या घरांच्या पडवीतच चालतात. पण कुठंही बसलात तरी एक गोष्ट सोसावी लागते. पाहुण्यांपुढे केळीची पानं मांडलेली असतात, आतून बांगड्याच्या झणझणीत तिखल्याचा आणि त्यातल्या तिरफळाचा वास सुटलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच रांधणारी बाई स्वतःचं ताट घेऊन बाहेर येते. उंबरठ्याजवळच्या पाटावर ती पाहुण्यांकडे तोंड करून बसते आणि जेवते. तिचं जेवण होईपर्यंत कुणाच्याही पानात काही पडत नाही.

गंगाराम कुबलांच्या पडवीत एका दुपारी शहरातून आलेलं एक जोडपं बसलं होतं. कुबलांची सून रेश्मा पाटावर भात कालवत होती. जोडप्यातल्या गृहस्थांनी पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं.

"काका, ही कसली पद्धत? गिऱ्हाईक उपाशी आणि स्वयंपाकीण जेवतेय. तिकडे सगळं निवतंय."

कुबलांनी हातातला तांब्या खाली ठेवला. गेल्या श्रावणापर्यंत त्या पाटावर त्यांची बायको शेवंती बसायची. असं कुणी बोललं की ती नुसती हसायची आणि जेवत राहायची. कुबलांना ते हसणं कधी जमलं नाही. आता तर ते हसणारंही घरात कुणी नव्हतं.

"निवतंय म्हणता?" ते म्हणाले. "असंच एकदा इथं कुणीतरी म्हणालं होतं. सुनेचं होईपर्यंत तेवढं ऐका."

आणि त्यांनी सांगितलं.

पूर्वी या गावाला एक खोत होता. गलबतं या किनाऱ्याला लागली की तांडेलापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे म्हणत, जेवावं तर खारभाटीच्या खोताकडे. तसं तिखलं, तशा तिसऱ्या-शिंपल्या, तशी सोलकढी दुसरीकडे नाही. खोताला या नावाचा फार अभिमान. पण रांधत होत्या आवडू आणि तिची धाकटी जाऊ गोमती, दोघी गरीब घरच्या. त्यांची नावं त्या पंगतीत कुणी कधी विचारली नाहीत.

खोताच्या स्वयंपाकघरात एक नियम होता म्हणे. रांधायला बसण्याआधी बाईनं तोंडात चूळभर पाणी घ्यायचं आणि पंगत उठेपर्यंत ते धरून ठेवायचं. थुंकायचं नाही, गिळायचंही नाही. कारण सांगत ते असं, की रांधणारीनं चव घेतली तर अन्न उष्टं होतं. खरं कारण गावातल्या प्रत्येकाला कळत होतं. भरल्या तोंडात घास जात नाही. साऱ्या किनाऱ्याला जेवू घालणाऱ्या त्या घरात, आपल्या चुलीपुढची बाई एक तुकडा तोंडात टाकेल याची खोताला धास्ती होती. पंगत उठल्यावर दोघींना मिळायची पेज.

एका वर्षी पावसानं दगा दिला आणि घरोघरी भाताची कणगी रिकामी झाली. खोताची पंगत मात्र थांबली नाही. गोमती तेव्हा बाळंतपणातून नुकती उठलेली होती. आपली पेजही ती घरी नेऊन सासूला पाजायची. अशाच एका पंगतीच्या दिवशी, तिखल्याला उकळी येत असताना ती चुलीशेजारी कोसळली. तोंडातलं पाणी तिच्या घशात गेलं.

आवडूनं ते पाहिलं. आणि इथं जे घडलं, ते सांगताना कुबल दर वेळी थांबतात. आवडू ओरडली नाही. तिच्या तोंडात पाणी होतं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं ते थुंकायचं तिला सुचलंच नाही. तोंड मिटूनच ती ओसरीवर धावली, हातवारे करू लागली, घशातून आवाज काढू लागली. वाढप्याला वाटलं, ही पळी मागतेय. त्यानं पळी आणून तिच्या हातात दिली. ती परत आत पोचली तेव्हा गोमती संपली होती.

आवडू मागीलदारी गेली. तिथं तिनं ती चूळ जमिनीवर टाकली. मग तिखल्याचं भांडं उचलून ती थेट पंगतीत आली.

"खोतानूं," ती म्हणाली, "माझी जाव तुमच्या चुलीकडे मेली."

कुणी उठलं नाही. खाली मान घालून सगळे आपापल्या पानाकडे पाहत राहिले, आणि एक पाहुणा हळूच म्हणाला, "तिखलं निवतंय."

"निवांदे," आवडू म्हणाली. "इतकी वर्सां मी रांधतंय. माझ्या हातचां जेवान कसां लागता, तां माका अजून ठावक नाय."

खोताच्या पानासमोर ती मांडी घालून बसली, त्याच्याच पानावरचा भात पुढ्यात ओढला, वर तिखलं ओतलं आणि पहिला घास घेतला. सावकाश चावला.

"मीठ कमी हा," ती म्हणाली. "इतके लोक जेवन गेले, एकान सांगूक नाय."

मग उठताना तिनं शाप दिला. ज्या घरची रांधणारी उपाशी, त्या घरची चूल पेटायची नाही.

सांगतात, की खोताची चूल त्यानंतर पेटली नाही. लाकडं नुसती धुमसायची, तांदूळ पाण्यात तसाच राहायचा. गलबतं लागेनाशी झाली. पोह्यांवर दिवस काढून शेवटी खोत स्वतः आवडूच्या खोपटापाशी आला आणि जेवायला मागू लागला. तिनं नाही म्हटलं नाही. त्याच्यापुढे पान मांडलं, स्वतःचं ताट घेऊन उंबरठ्याजवळ बसली आणि त्याच्या डोळ्यांदेखत पोटभर जेवली. खोत बघत बसला. त्याच्या पानात भात पडला तो त्यानंतर.

"दगडच होता हो तो खोत," गृहस्थ म्हणाले.

"खोत तर होताच," कुबल म्हणाले. "पण पंगतीत एवढी माणसं बसली होती. ती कुठली होती? तुमच्याआमच्यासारखीच, भुकेली. त्यांचा राग मला जास्त येतो."

रेश्मानं शेवटचा घास घेतला आणि ताट उचललं. "मीठ वायच कमी होतां," ती सासऱ्यांना म्हणाली. "घालून घेवन येतंय."

इतका वेळ गप्प बसलेल्या पाहुणीनं तिला विचारलं, "तुम्ही रोज अशाच जेवता? गरम?"

"रोज," रेश्मा म्हणाली आणि आत गेली.

कुबलांनी एकदा रिकाम्या पाटाकडे पाहिलं. मग तांब्या उचलून दोघांच्या पेल्यांत पाणी ओतलं.

ते पाणी आवडूच्या विहिरीचं. खोताच्या घराचं आता नावही उरलेलं नाही. पण जिथं त्याचं मागीलदार होतं, जिथं आवडूनं चूळ टाकली, तिथं गोड्या पाण्याचा झरा लागला असं म्हणतात. भरतीची लाट विहिरीच्या काठाला येऊन भिडते, पण पाणी खारट होत नाही. सारं गाव तेच पितं. आजही त्या पाण्यानं खारभाटीत कुणी चूळ भरत नाही. ते तोंडात धरून ठेवायचं नसतं. घोट घेतला की गिळायचा आणि बोलायचं.