रांगेत शेवटचं कोणी नको

आंबेखिंड हायस्कूलचे अध्यक्ष तात्यासाहेब खराडे मधल्या सुट्टीत वड्यांच्या रांगेत उभे राहिले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा वडे संपले. झालं!

आता अध्यक्षांना रांगेत उभं राहायची काही गरज होती का? मुळीच नव्हती. पण शाळा तपासायला आले होते आणि अंगात साधेपणा संचारला होता. "मीही पोरांसारखाच उभा राहणार," म्हणाले आणि राहिले. पोरं कसली ऐकतात! कोपरानं वाट काढत सगळी पुढे सटकली. तात्यासाहेब खिडकीशी पोचले तेव्हा परातीत थोडा चुरा होता आणि एक तळलेली मिरची.

खिडकीच्या आत शर्वरी ढमाले उभी होती. या शाळेत वडे, वह्या, पेनं विकायचं भांडार मुलंच चालवतात आणि दरवर्षी ते नववीच्या वर्गाकडे येतं. शर्वरी पाचवीपासून त्या खिडकीच्या आत उभं राहायला आसुसली होती. आता कुठे तिचा पहिला आठवडा चालला होता.

"मिरची देऊ का?" तिनं अदबीनं विचारलं.

तात्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "उद्यापासून इथे कोणीही शेवटचं राहता कामा नये! उद्या मी स्वतः येऊन बघणार. एक जरी पोरगं शेवटचं राहिलेलं दिसलं, तर हे भांडार बंद आणि इथे माझ्या मेहुण्याचं दुकान."

"पण तात्यासाहेब," मुख्याध्यापक लिमकर सर चाचरत म्हणाले, "रांग म्हटली की शेवटी कोणीतरी..."

"ते मला सांगू नका."

सरांनी नाही सांगितलं. ते अध्यक्षांना कधीच काही सांगत नसत, म्हणून तर टिकून होते बिचारे.

शाळा सुटल्यावर नववीची सभा भरली. एकजण म्हणाला, शेवटच्याला चिंचेवर चढवून बसवू. दुसरीनं सुचवलं, गोल रांग लावू, गोलाला कुठला आलाय शेवट? ही युक्ती सगळ्यांना पटली आणि लगेच मैदानावर करूनही पाहिली. शेवटचं कोणी नव्हतं हे खरं, पण पहिलंही कोणी नव्हतं. त्यामुळे खिडकीशी कोणी थांबेना. अख्खा वर्ग घाण्याच्या बैलासारखा गरगर फिरत राहिला. खेळाच्या सरांना वाटलं कवायत चाललीय. त्यांनी शिट्टी वाजवून शाबासकी दिली.

शर्वरी मात्र रडकुंडीला आली. मेहुण्याचे वडे तिनं खाल्ले होते. त्यांत बटाटा शोधावा लागायचा! आणि आपली खिडकी त्या माणसाच्या ताब्यात? डोळे पुसता पुसता तिनं त्या फिरणाऱ्या पोरांकडे पाहिलं आणि एकदम ओरडली, "अरे थांबा! चुकतंय आपलं. पोरं चालली की मागं-पुढं होणारच. पोरं बसवू आणि वडे चालवू."

"म्हणजे गं काय?"

"पंगत!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तात्यासाहेब आले ते मिशीला पीळ भरतच. मागे मेहुणाही होता, खिडकीचं माप घ्यायला टेप घेऊन. बघतात तर रांगच नाही! मैदानभर बस्करं पसरलेली, पोरं समोरासमोर मांडी घालून बसलेली. शर्वरी आणि वर्गातल्या चौघी, आज दुप्पट तळलेल्या वड्यांच्या पराती घेऊन भराभर वाढत होत्या. पोरांचे डोळे वड्यांवर, हात मात्र गुडघ्यांवर.

तात्यासाहेबांनी टोकाच्या पोराकडे बोट दाखवलं. "याला सगळ्यात शेवटी वाढलं. हा शेवटचा!"

"वाढलं शेवटी," शर्वरी म्हणाली, "पण खाल्लंय कोणी? पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. पहिला घास सगळ्यांचा एकदमच."

तात्यासाहेबांनी मान डोलावली. पण हरणारा गडी नव्हता तो. त्यांची नजर परातीवर गेली.

"आणि तुम्ही वाढपी? तुम्ही तर या सगळ्यांच्या नंतर खाणार. सापडलीस की नाही! शेवटची तूच."

मेहुण्यानं टेप उघडली. शर्वरीच्या हातातली परात काही हलली नाही.

"वाढप्यांच्या मागून आणखी एकजण जेवतो, तात्यासाहेब. यजमान! वाढप्यांच्या आधी जेवला तर लोक नावं ठेवतात त्याला. ही शाळा कोणाची?"

"माझी!" तात्यासाहेब छाती काढून म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"मग शेवटचे तुम्ही," शर्वरी म्हणाली. "आणि तुम्ही काही पोरगं नाही."

क्षणभर तात्यासाहेबांचा चेहरा कालच्या मिरचीसारखा झाला. मग मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की मेहुण्याच्या हातातली टेप सुर्रकन आत गेली. त्यांनी बाह्या सारल्या, परात घेतली आणि "घे रे, लाजू नकोस!" करत सगळ्या पंगतीला आग्रहाचा दुसरा वडा वाढला. तरी कोणी खाईना.

"आता काय राहिलं?"

"यजमानांनी सांगितल्याशिवाय कसं सुरू करणार?"

"अरे हो! सावकाश होऊ द्या!" तात्यासाहेबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, आणि दोनशे तोंडं एकदम कामाला लागली.

तेवढ्यात सुट्टी संपली. लिमकर सरांनी घंटेकडे हात नेला.

"सर, घंटा कशी देता?" शर्वरी म्हणाली. "अध्यक्षांनीच सांगितलंय, सावकाश होऊ द्या!"

सरांचा हात हवेतच राहिला. तात्यासाहेब हसता हसता बस्करावर बसलेच. "राहू द्या, सर! आज तुमची घंटा यांचं खाऊन झाल्यावर. आणि पोरी, भांडार तुमचंच. जोवर मी अध्यक्ष आहे, तोवर त्या खिडकीला कोणी हात लावणार नाही." मग ते मेहुण्याकडे वळले. "टेप ठेव खिशात, आणि बस इथे पानावर. बटाटा घातलेला वडा कसा लागतो, ते तरी बघ एकदा!"