मधल्या तीन रात्री

फार पूर्वी, गावात पोथ्याही होत्या आणि जादूचे पडदेही होते अशा काळात, दोन जावा एकाच घरात नांदत होत्या. थोरलीला वाचायचा नाद, धाकटीला पाहायचा.

देवळात पोथ्यांची एक पेटी होती, जुन्या राजाने दिलेली. नव्या राजाने चावडीत एक पडदा लावून दिला. त्यावर दूरदूरच्या मुलखातली माणसं चालताना, बोलताना, कामं करताना दिसत. संध्याकाळ झाली की सारा गाव पडद्यापुढे आणि पेटीपुढे एकटी थोरली.

खरं सांगायचं तर पडद्यानेही काही कमी शिकवलं नव्हतं. अडलेली गाय कशी सोडवायची हे धाकटीने त्यावर पाहिलं आणि शेजाऱ्याची गाय वासरासकट वाचवली. तेव्हापासून तिला वाटायचं, पाहिलं की आलं. थोरलीला वाटायचं, वाचलं की आलं. आणि समोरचीला काडीचं काही येत नाही, असं दोघींनाही वाटायचं.

थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीला चार वर्षांची एक मुलगी होती. ती दोघींच्या अंगाखांद्यावर वाढत होती आणि थोरलीला मोठी आई म्हणायची.

एकदा पाणवठ्यावर चारचौघींत धाकटी म्हणाली, "आमच्या जाऊबाई पोथी वाचून पोहायला शिकल्यात. पाण्यात उतरायचं तेवढं राहिलंय."

बायका फिदीफिदी हसल्या. थोरलीला ते फार लागलं. ती म्हणाली, "आणि हिने पडद्यावर पंगत पाहिली, तर हिचं पोट भरलं म्हणे!"

झालं. त्या दिवसापासून दोघींमध्ये अबोला.

आता एका चुलीवर राहून अबोला धरायचा, तर मध्ये कोणीतरी लागतं. ते काम पोरीवर आलं. "सांग तुझ्या आईला, पीठ संपलंय." "सांग मोठ्या आईला, मला डोळे आहेत." दोघी हातभर अंतरावर आणि पोर मध्ये उभी राहून निरोप पोचवणार. तिला तो खेळच वाटायचा. मोठ्यांना लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

त्या वर्षी पीक बुडालं. दोघी जावांचे नवरे राजाच्या तळ्याच्या कामावर दूर निघून गेले. कणगी रिकामी झाली, मग डबे रिकामे झाले. लोक रानातला पाला उकडून खाऊ लागले.

अशात एका संध्याकाळी पडद्यावर रानातली माणसं दिसली. त्यांनी कडूकंद खणून काढला, सोलला, त्याच्या चकत्या केल्या. चकत्यांची टोपली ओढ्यात ठेवली, वर काढली, चकत्या शिजवल्या आणि हसतखेळत खाल्ल्या. पडदा कोणाला ताटकळत ठेवत नसे. टोपली पाण्यात गेली आणि वर आली, यात पापणी लवण्याइतकाच वेळ गेला. धाकटीला वाटलं, माती धुतली असेल.

थोरलीने हेच पोथीत कधीचं वाचलेलं होतं. पोथी म्हणत होती, 'कडूकंदाच्या चकत्या तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवाव्यात, तेव्हा विष उतरतं. नाहीतर मोठं माणूस आजारी पडतं आणि लहान मूल वाचत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटी रानातून कंद घेऊन आली. सोलून चकत्या केल्या, एकदा सोडून तीनदा धुतल्या आणि चुलीवर चढवल्या. थोरली ओटीवरून पाहत होती. तिने कंद ओळखला. ती उठलीसुद्धा. दोन पावलं टाकली आणि तिला पाणवठ्यावरचं हसू आठवलं. आपण होऊन बोलायचं म्हणजे नाक घासायचं, असं तिला वाटलं. ती परत बसली आणि तिने पोरीला हाक मारली.

"सांग तुझ्या आईला, तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय हा कंद खायचा नाही. विषारी असतो."

पोर दोन दिवसांची उपाशी होती. चुलीवरून वास सुटला होता. धावत आत जाईपर्यंत तिच्यापाशी एवढंच उरलं, "आई, मोठी आई म्हणते, खायचा नाही."

धाकटीचं डोकंच फिरलं. "खायचा नाही? सांग मोठ्या आईला, तुम्ही पोथ्या चाटून पोट भरा. माझ्या लेकराच्या तोंडचा घास काढू नका."

पोर बाहेर आली. "आई म्हणते, पोथ्या चाटा," असं म्हणून खुदकन हसली.

"सांगायचं काम माझं, मी सांगितलं. पुढे जिचं तिचं कर्म," थोरली पुटपुटली आणि तिने मांडीवरची पोथी उघडली. पोर उड्या मारत आत गेली. थोरलीने तिचा हात धरला नाही.

धाकटीने पोरीला आधी पोटभर वाढलं आणि उरलंसुरलं आपण खाल्लं. दुपार कलली तशा पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. घसा सुजला, डोळे फिरले. धाकटीचा हंबरडा ऐकून थोरली आत धावली. अबोला कुठल्या कुठे गेला.

"तीन रात्री! अगं, तीन रात्री पाण्यात ठेवायचा होता!"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी निरोप धाडला होता."

"चार वर्षांच्या पोरीबरोबर? जाऊबाई, मी तुमच्यापासून दहा पावलांवर होते हो!"

दोघींनी मिळून पोरीला पाणी पाजलं, पाठ चोळली, वैद्याला बोलावणं धाडलं. वैद्य उंबऱ्यात पोचायच्या आधी पोर गेली. धाकटी चार दिवस अंथरुणाला खिळली, पण जगली.

गावाला वादाला निमित्त मिळालं. अर्धा गाव म्हणाला, पडद्याने पोर मारली. उरलेला म्हणाला, वाचणारी घरात असून काय उपयोग झाला? वाद घालायला मिळाला की लोकांना सुतकाची आठवण राहत नाही.

महिन्याने दोघे भाऊ परत आले. धाकट्याने अंगणातूनच पोरीला हाक मारली. कोणी धावत आलं नाही. दारात दोघी जावा उभ्या होत्या.

"कुठे आहे पोर?" त्याने विचारलं. "काय झालं?"

"मी मारली तिला," धाकटी म्हणाली.

"नाही भावजी," थोरली म्हणाली. "मी मारली."

दोघीही खरं बोलत होत्या.

तात्पर्य: नुसतं पाहणाऱ्याच्या हातून मधलं निसटतं, ते वाचणाऱ्याला सापडतं. पण वाचून माणूस फार तर स्वतः वाचतो. दुसऱ्याला वाचवायचं तर उठून, समोर जाऊन, पुरतं बोलावं लागतं.