धान्याविना पंगत

रायाजीराव सरदारांच्या घरी रोज चाळीस माणसं जेवायची. एकदा त्यांचे वैद्य वामनशास्त्री ऐटीत म्हणाले, "धान्य, डाळ, दूध म्हणजे विषच! रानातले आपले पूर्वज खात तेच खा. मांस, कंद, फळं."

सरदारांनी स्वयंपाकीणबाईंना बजावलं, "भिवरे, उद्यापासून असंच रांध. पण खर्च वाढला, तर ही चूल सोडायची!"

याच चुलीवर भिवराबाईंची लेकरं जगत होती.

दुसऱ्या दिवशी पानात मटण, सुरण, केळी पाहून सरदार गरजले, "पैसा कुठून आणलास?"

भिवराबाई हात जोडून म्हणाल्या, "सरकार, वैद्यबुवांना दरमहा आपल्याकडून तांदूळ, डाळ, तूप जातं. ते थांबवलं, त्यातच भागलं. आपल्याला जे विष, ते त्यांच्या घरी कसं धाडू?"

पंगतीत बसलेले शास्त्रीबुवा घाईघाईनं म्हणाले, "तशी... भाकरी चालेल हो!"

सरदार खो खो हसले. "भिवरे, टाक भाकऱ्या!"