भाजीबाजारातले महाराज

“पण सगळे शहराकडेच का धावतात, महाराज?”

शहरातल्या भाजीबाजाराच्या गलक्यातही भीमगिरीचा आवाज चढला. चढणारच! तो गडावरच्या मठाचा मुख्य शिष्य. आणि ज्यांना परत न्यायला तो आला होता, ते त्याचे गुरू निरंजनगिरी इथे एका बंद दुकानाच्या पायरीवर खुशाल मांडी घालून बसले होते. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

महाराज येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहिले...

“साऱ्या जगात हेच चाललंय म्हणे. गावं ओस, शहरं तुडुंब. आपल्या गडाला काय कमी आहे? बारमाही झरा आहे, दोन्ही वेळचा महाप्रसाद आहे. तरी पायथ्याचं गाव रिकामं झालं. पंगतीला माणूस मिळेना. अशानं मठ बंद पडेल!”

“भूक नेते त्यांना.”

“तेच म्हणतो मी. पोटासाठी...”

“मग पोट भरल्यावर परत का येत नाहीत?”

भीमगिरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

एवढ्यात डोक्यावर मेथीचं गाठोडं घेऊन एक बाई आली.

“बाबा, सरका जरा. माल लावू द्या.”

आणि महाराज चक्क सरकले!

भीमगिरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “कुणाला सरका म्हणतेस, कळतं का?” मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “तू... पायथ्याची सुंद्रा ना?”

उत्सवाला ती गडावर यायची. यायची म्हणजे, उंबरठ्याबाहेर उभी राहायची. तिच्या ओंजळीत प्रसाद वरूनच टाकायचा, हाताला हात लागू द्यायचा नाही, ही गडाची रीत. भीमगिरीनं ती कधी मोडली नव्हती आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

“व्हय, सुंद्राच.” तिनं पदर खोचला आणि महाराजांच्या शेजारी, त्याच पायरीवर ऐसपैस बसली. “ह्ये कोण हायेत ते ठावं हाय मला. सकाळचा चहा एकाच किटलीतला पितो आम्ही. पर ही जागा माझी हाय. बाजाराची पावती माझ्या नावानं फाटती, बुवा. माझ्या एकटीच्या नावानं.”

हे सांगताना तिची मान अशी काही ताठ झाली की भीमगिरीला आपली मान आठवली.

“तुमीबी बसा की. जागा हाय.”

भीमगिरी बसला नाही. त्यानं हात जोडले, पण डोळे तिच्याकडे वळू दिले नाहीत.

“महाराज, उठा. गडावर तुमचं आसन रिकामं आहे.”

महाराजांनी मेथीची एक जुडी उचलली, झटकली, गोणपाटावर नीट लावली...

“रिकामं आहे ना? मग सुंद्राबाईंना विचार, बसायला येता का.”